निळा जरा जास्त

पडद्यावर अठ्ठावन्न आलं तेव्हा मी चहा पीत होते, आणि पुढचा घोट गिळला की कपातच परत सोडला हे मला आजही सांगता येणार नाही. अठ्ठावन्न टक्के. म्हणजे मूत्रपिंडाच्या त्या तुकड्यातला निम्म्याहून जास्त भाग वणानं भरलेला, मेलेला, आणि उरलेल्या बेचाळीसवर माणूस चाललेला. माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ, जयदेव. मुंबईच्या किडनीच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. वण पंचविसाच्या आत असेल तर सहा महिने गोळ्या देऊ, पोरगा उठून कामाला लागेल. पन्नासच्या वर असेल तर गोळ्या देऊन उगाच शरीराची नासाडी करायची नाही, मग आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायची तयारी ठेवा. मला आकडा पाहिजे, ते म्हणाले होते, अंदाज नको. तो आकडा आता समोर होता. आणि गंमत बघा, मला पहिल्यांदा दुःख झालंच नाही, राग आला. परीक्षेचा निकाल चुकीच्या मुलाच्या नावावर लागल्यावर येतो तसा.

राग यायचं कारण असं की तीच काच मी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती आणि मला वीस दिसले होते. फार तर बावीस. सतरा वर्षं मी उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या डॉक्टर तलरेजांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. आले तेव्हा बाटल्या धुवायला आले. डॉक्टरांनी मला आधी मेणात तुकडे बसवायला शिकवलं, मग त्या मेणाच्या ठोकळ्याचे कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रे काढायला, मग रंगवायला. तीन रंगांची एक पद्धत असते, तिच्यात चांगला भाग लाल होतो आणि वण निळा. किती निळा ते बघायचं आणि अंदाज बांधायचा. डॉक्टर अंदाज सांगत, मी मनातल्या मनात माझा सांगे, आणि दहातल्या नऊ वेळा आमचे आकडे शेजारी शेजारी बसत. ‘तू भी कॅम्पवाली, मैं भी कॅम्पवाला,’ ते म्हणत, ‘हमारी नजर एक है.’ ते लहानपणी फाळणीनंतर कराचीहून इथल्या बराकीत आले होते, मी अंबरनाथहून रोज रिक्षानं येत होते, तेव्हा मी कसली कॅम्पवाली. पण माझ्या डब्यातली चटणी ते पहिल्या दिवसापासून न विचारता घेत, आणि आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या न विचारण्याची किंमत कळते.

हा निळा मोजायचं मशीन लॅबमध्ये येऊन तीन आठवडे झाले होते. चौऱ्याण्णव साल. ते बनवलं होतं हेमचंद्रनं. हा बदलापूरचा इंजिनीअर, अंबरनाथ एमआयडीसीत त्याचं दोन खोल्यांचं युनिट. ओतीव लोखंडात कार्बनचे कण किती पसरलेत ते कॅमेऱ्यातून मोजायचं यंत्र तो कारखान्यांना करून देई. डॉक्टरांना तो कुठल्याशा लग्नात भेटला आणि म्हणाला, ‘सर, मशीनला काय, लोखंड काय नि किडनी काय. निळं मोजायचं ना? मोजू.’ सूक्ष्मदर्शकाच्या डोक्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याची एक वायर कॉम्प्युटरला, एक रंगीत टीव्हीला. कॉम्प्युटर एकेक ठिपका तपासणार, अमुकपेक्षा निळा असला की वण म्हणून मोजणार. ‘अमुक’ म्हणजे किती, ते त्यानं मुंबईच्या एका कॉलेजातून आणलेल्या नमुन्यांवरून ठरवलं होतं. आकडा अजून आमच्या रिपोर्टात जात नव्हता, नुसती चाचणी चालली होती. आकडे चढेच येत. डॉक्टर म्हणत, ‘सख्त मास्टर है, मार्क काटता है,’ आणि टीव्हीकडे ढुंकून बघत नसत. टीव्हीवर सीरियल बघतात, त्यांचं म्हणणं. ते आपले डोळा नळीला लावून बसत. रिपोर्टात जाणारा पहिला आकडा जयदेवचा असणार होता.

तुकडा कल्याणच्या हॉस्पिटलातून बाटलीतून आला, शेवयीच्या काडीएवढा. बाटलीवर त्याचं नाव वाचलं आणि मी आधी हात धुतले, जसे काही हाताला लागलेलं त्याला लागणार होतं. जयदेव माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई, द्रौपदी तिचं नाव, काडेपेटीच्या कारखान्यात जाई, तिची पाळी सकाळची असली की हा माझ्या कडेवर. त्याला कडेवर घेऊन मी लंगडी खेळलेय, पाढे पाठ केलेत, एकदा तर शाळेच्या वर्गात बसलेय आणि बाईंनी त्याची हजेरी घेतलीय. माझी कंबर एका बाजूनं अजून जरा बाहेर आहे ती त्याच्यामुळे, असं मी त्याला ऐकवते. हा आता एकतीस वर्षांचा फिटर, आणि दिवाळीपासून त्याच्या पायांना सूज. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ भरायचा नाही. मी मेणात तो तुकडा बसवला तेव्हा मनात म्हटलं, बस बाबा नीट, हलू नकोस. मग मी पापुद्रे काढायला घेतले. पहिले दोन फाटले. तिसरा अखंड आला, पाण्यावर तरंगला, आणि मला एवढा आनंद झाला की मी एकटीच खोलीत ‘शाब्बास’ म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

तर मला वीस दिसले. पण बुधवारी दुपारी त्या पडद्यासमोर उभी असताना मला एक भलतीच गोष्ट जाणवली. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू शकत नव्हते. बहिणीचा डोळा तो. त्याला वीसच दिसणार. लहानपणी जयदेवचं गुडघ्याचं सालटं गेलं की मी म्हणे, काही नाही, एवढंसंच तर लागलंय, आणि खरंच मला तेवढंच दिसे. आईला भसाभस रक्त दिसे. मशीनला मात्र भाऊ नव्हता. त्यानं कुणाला कडेवर घेतलं नव्हतं. त्याचं अठ्ठावन्न हे कुणाच्याही बाजूचं नव्हतं, आणि म्हणून ते मला माझ्या विसापेक्षा खरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी नळीतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, ‘मेरे को तो बीस-पच्चीस लगता है.’ मग माझ्याकडे न बघता, ‘लेकिन मशीन है बाबा. परसों मुंबई भेजना है. कल सोचेंगे.’ तेही घाबरले होते. त्यांना जयदेव माहीत होता, त्यांच्या घराचा पंप त्यानं दोनदा दुरुस्त करून दिला होता आणि पैसे घेतले नव्हते. मग आमच्या दोघांचं वीस काय कामाचं?

संध्याकाळी मी शेअर रिक्षात बसले ते असल्या अवस्थेत. शेजारी एक बाई होती, जीन्सच्या वॉशिंगमध्ये काम करणारी, तिचे हात कोपरापर्यंत निळे. कॅम्पातल्या रिक्षांत अशा बाया रोजच्या, आणि माझीही बोटं निळी असतात, त्यामुळे मला लोक त्यांच्यातलीच समजतात. मी कधी दुरुस्ती करत नाही, लांबलचक सांगावं लागतं. बाईनं माझा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला, भाजी बघावी तसा.

“तुमचा माल लई रंग सोडतो वाटतं,” ती म्हणाली. “एक पाणी कमी मारता काय?”

“हो,” मी म्हणाले. सवयीनं म्हणाले. आणि मग ऐकलं मी काय म्हणाले ते.

रिक्षा उड्डाणपुलाखाली अडकली होती, मागचे भोंगे वाजत होते. एक पाणी कमी. सहा वर्षं मी एक पाणी कमी मारत होते. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एक चांगली काच हातात धरून म्हटलं होतं, ‘अंजनी, रंग फीका क्यों? पानी मिलाया क्या?’ मी बघितली. रंग अगदी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या निळ्या साडीला राखाडी म्हटलं, आणि मला समजलं. मोतीबिंदू उतरत होता. आमच्या आजोबांचा उतरला तेव्हा त्यांनाही आधी निळं दिसेनासं झालं होतं. पॅथॉलॉजिस्टला कसं सांगायचं की साहेब, तुमचे डोळे गेले? शिंप्याला म्हणावं, तुझे हात गेले, तसं ते. मी सांगितलं नाही. मी काय केलं, निळ्या रंगात काच पाचऐवजी दहा मिनिटं ठेवली, आणि नंतर जास्तीचा रंग धुऊन काढायचं जे आंबट पाणी असतं, ते एकदा कमी मारलं. डॉक्टरांनी काच पाहिली आणि खूश झाले. ‘ये हुई ना बात!’ पुढं त्यांचे डोळे जसे उतरले तसा माझा निळा चढला. त्यांचे रिपोर्ट चुकले नाहीत, कधीच नाहीत. त्यांच्या डोळ्याला जितका कमी पोचायचा तितका मी आधीच जास्त घालत होते. हिशेब बरोबर जुळत होता, तो आम्हा दोघांचा हिशेब होता. आणि हळूहळू माझ्या डोळ्यालाही त्या जास्तीतून खरा निळा वेगळा काढायची सवय लागली, इतकी की मी जास्त घालते हेच मी विसरून गेले. सासुरवाशिणीनं सासऱ्याला लागतं म्हणून तिखट वाढवावं आणि मग तेच घरचं तिखट व्हावं. मशीनला मोतीबिंदू नव्हता. त्यानं माझा सगळा निळा प्रामाणिकपणे मोजला होता, लाल भागावर चढलेलासुद्धा.

मी रिक्षातून एक थांबा आधीच उतरले आणि चालत सुटले. मला हसू येत होतं. पण घर येईपर्यंत हसू जरा थबकलं, कारण एक वाईट विचार मागून चालत आला. उद्या मी रंग कमी करणार, आकडा खाली येणार. अजून कमी केला, अजून खाली येईल. मग थांबायचं कुठं? पंचवीस आले की? म्हणजे ज्या हातानं अठ्ठावन्न केले त्याच हातानं मी आता वीस करणार, आणि त्याला खरं म्हणणार. रंगवणारी मीच, भाऊ माझाच. खोट्या आकड्यावर त्याला गोळ्या दिल्या, आणि ते शरीर फुकट पोखरलं गेलं तर? रात्री जेवताना किसननं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, भाजीत मीठ बरोबर आहे का ते बघत होते.’ तो म्हणाला, ‘ते दुसऱ्याला विचारायचं असतं.’ बिचाऱ्याला कल्पना नाही त्यानं काय सांगून टाकलं.

गुरुवारी सकाळी मी डॉक्टर येण्याआधी हेमचंद्रला फोन करून बोलावून घेतलं, आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. सांगताना मी भिंतीकडे बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एक पाणी कमी, राखाडी साडी. हेमचंद्रनं मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांचा अभ्यास केला.

“छह साल?” डॉक्टर म्हणाले.

“हो.”

“छह साल तू मेरे को उल्लू बनाती है?”

“तुमचे रिपोर्ट चुकले नाहीत, डॉक्टरसाहेब. एक पण नाही.”

“और मैं!” त्यांचा आवाज फुटला. “मैं पूरी असोसिएशन में बोलता फिरता हूं, मेरी अंजनी जैसा ब्लू पूरे ठाणे जिले में कोई नहीं करता!” ते उठले, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. सतरा वर्षं संपली. हेमचंद्र हळूच म्हणाला, “ताई, चहा सांगू का?” मी नको म्हटलं. अर्ध्या तासानं दार उघडलं. डॉक्टरांनी बाह्या वर सरकवल्या होत्या आणि डोळे लाल होते.

“काट,” ते म्हणाले. “नये सिरे से काट. और तेरे भाई का अकेला नहीं. कॉलेजवाला ठोकळा भी काट, जिसका आकडा मालूम है, तीस. एक एकदम अच्छा काट, एक एकदम खराब. चारों एक ही बर्तन में रंगा, घड़ी लगा के, पांच मिनट. तीसवाले का तीस आया तो तेरा रंग सही. नहीं आया तो सब फेंक दे.”

“आणि मला कळता कामा नये कुठली कुणाची,” मी म्हणाले.

“वो मेरे ऊपर छोड़. मैं क्लब में तीस साल से पत्ते पीस रहा हूं.”

त्या दिवशी मी जशा काचा रंगवल्या तशा आयुष्यात रंगवल्या नाहीत. हेमचंद्र घड्याळ घेऊन शेजारी उभा, स्टोव्हवर भात लावल्यासारखा. पाच मिनिटं झाली तेव्हा तो ‘बास!’ असा ओरडला की खालचा कापडवाला वर बघायला आला. सगळी पाणी मारली, एकही कमी नाही. काचा वाळल्या आणि मी त्या उजेडात धरल्या. सहा वर्षांनी मी तो निळा पाहिला. फिका, स्वच्छ. मी त्याला विसरले होते. मला तो इतका आवडला की जयदेवचा विचारसुद्धा क्षणभर बाजूला राहिला, आणि त्याची मला लाज नाही वाटली.

डॉक्टरांनी काचांवरची नावं चिकटपट्टीनं झाकली, चारही काचा टेबलावर पत्त्यांसारख्या पिसल्या, पट्ट्यांवर नंबर टाकले आणि कुठल्या नंबरावर कोण ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. मला टीव्हीकडे पाठ करून बसवलं, कारण जयदेवच्या तुकड्याचा आकार मी ओळखला असता. माझ्यासमोर कॅलेंडरवरची सिंध्यांच्या देवाची, झुलेलालची तसबीर. हेमचंद्र मोठ्यानं आकडे वाचत होता.

“एक नंबर, सहा.”

मी श्वास घेतला.

“दोन नंबर, चौसष्ट.”

तो श्वास तिथंच राहिला. चौसष्ट कुणाचा, हे मला माहीत नव्हतं. एकदम खराब तुकड्याचा असेल. जयदेवचाही असेल.

“तीन नंबर, सतरा. चार नंबर, एकतीस.”

एकतीस म्हणजे कॉलेजवाला. म्हणजे रंग बरोबर. आता सहा, चौसष्ट आणि सतरा, यांतला एक माझा भाऊ. डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. “छा लिखा है मैंने,” ते पुटपुटले. छा म्हणजे सिंधीत काय. त्यांना स्वतःचं अक्षर दिसत नव्हतं. मी देवाधर्माची नाही, पण त्या क्षणी मी झुलेलालला म्हटलं, बाबा, यांना चष्मा दे. हेमचंद्रनं चिठ्ठी ओढून घेतली.

“तीन नंबर, ताई. तीन नंबर जयदेव.”

मी वळले. टीव्हीभर माझा भाऊ पसरला होता, लालभडक, तजेलदार, आणि मधून मधून निळ्याचे चार धागे. डॉक्टर नळीशी वाकले होते आणि मान हलवत होते. “मेरे को तो सब लाल दिखता है. ब्लू है किधर?” तेव्हा हेमचंद्र म्हणाला, “सर, इकडे बघा ना,” आणि टीव्हीचं रंगाचं बटन पिळलं. निळा गडद झाला, अगदी माझ्या दहा मिनिटांसारखा. मी किंचाळले, “अरे, आकडा बदलेल!” तो म्हणाला, “नाही बदलणार. मोजणं कॅमेऱ्यातून होतं, टीव्हीतून नाही. टीव्हीवर तुम्ही पाहिजे तेवढा निळा करा.” डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि पडद्याजवळ जाऊन बसले. बटन स्वतः पिळून बघितलं. मग पडद्यावर बोट ठेवून ते एकेक भाग दाखवायला लागले, सतरा वर्षांपूर्वी मला दाखवत तसे, ‘ये देख, ये गुच्छा देख, कितना सुंदर है,’ आणि थांबेचनात. रिपोर्टावर सतरा लिहून सही करायला त्यांना मी चार वेळा हाक मारली. शेवटी सही केली तेव्हा म्हणाले, “शनिवारी आंखवाले के पास मैं जाता हूं. तू भी चल. अकेला डर लगता है.”

मी अंबरनाथला आईकडे पोचले तेव्हा उजेड होता. जयदेव खाटेवर, पाय उशीवर. आई तांदूळ निवडत होती. शेजारची वेणूबाई दारात. वाटेत मी सांगायचं वाक्य नीट जुळवलं होतं, पण दारात पाय ठेवताच त्यानं विचारलं, “किती?” आणि माझ्या तोंडून नुसता आकडा निघाला.

“सतरा.”

आईच्या हातातलं सूप पडलं. “सतराच?” ती म्हणाली. “माझ्या लेकराचं सतराच राहिलं?” आणि तिनं टाहो फोडला. वेणूबाईला काही ठाऊक नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून तीही लागली. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. दोन दिवसांचं साठलेलं हसू ते, आवरेना. मी भिंतीला धरून हसतेय, त्या दोघी रडतायत, आणि जयदेव माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघतोय.

“ताई,” तो म्हणाला, “रडायचं का हसायचं, ते एकदा सांगून टाक.”

“सतरा खराब!” मी कसंबसं म्हणाले. “खराब सतरा, आई. चांगलं त्र्याऐंशी. गोळ्यांनी बरा होणार.”

आईचं रडणं मधेच तुटलं. “शंभरातलं त्र्याऐंशी?”

“शंभरातलं.”

तिनं पदरानं नाक पुसलं आणि वेणूबाईकडे वळली. “ऐकलं का गं? दहावीला तीनदा बसला, तर पस्तीसची मारामार व्हती. आन् आता बघ!”

जयदेव हसला नाही. तो माझ्या बोटांकडे बघत होता. “पेपर तूच तपासलास ना?” त्यानं हळू विचारलं. “म्हणजे, माझ्यासाठी म्हणून...”

“नाही रे,” मी म्हणाले. “ज्याला तू कोण हेच माहीत नव्हतं, त्यानं तपासला.”

जयदेवनं उशीवरून एक पाय काढला, दुसरा काढला, आणि खाटेखाली चाचपायला लागला.

“कुठं निघालास?” आई ओरडली.

“पेढे आणतो,” तो म्हणाला. सुजलेला पाय चपलेत जाईना. त्यानं दोनदा जोर लावला, मग चप्पल लोटून दिली आणि तसाच अनवाणी गल्लीत उतरला. आई मला म्हणाली, अगं अडव त्याला. मी अडवलं नाही.